नळाच्या पाण्यात रेडियम: दहा वर्षं प्यायलो, आता काय?

सायलीचा_वेल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात आहे, आज लिहून टाकते.

आम्ही २०१३ पासून अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकेशा गावात राहतो. मिलवॉकीच्या पश्चिमेला, सत्तर हजार वस्तीचं गाव. मुलगा अकरा वर्षांचा, धाकटी आठची. दोघंही इथल्याच नळाच्या पाण्यावर वाढली. बाळांच्या दुधाची पावडरसुद्धा मी ह्याच पाण्यात कालवली.

गावाला तेव्हा खोल विहिरींचं पाणी होतं आणि त्या पाण्यात रेडियम, म्हणजे किरणोत्सर्गी धातू, होतं. ते कुणी टाकलेलं नव्हतं की कुठल्या कारखान्यातून गळलेलं नव्हतं, जमिनीखालच्या दगडातूनच उतरलेलं होतं. इथे रेडियम-२२६ आणि रेडियम-२२८ दोन्ही मिळून लिटरला ५ पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) ही मर्यादा आहे. काही विहिरी ती ओलांडायच्या हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोर्टकचेऱ्या आणि सुनावण्या वर्षानुवर्षं चालल्या. शेवटी ९ ऑक्टोबर २०२३ ला मिलवॉकीमार्गे मिशिगन सरोवराचं पाणी आलं आणि तो प्रश्न मिटला.

गावाचा मिटला, माझा नाही. पाण्याचा वार्षिक अहवाल दर उन्हाळ्यात यायचा. त्यातली रेडियमची ओळ मी वाचायची आणि कागद फ्रिजवर लावून ठेवायची. पुढे काही केलं नाही. आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत:

मुलांची काही तपासणी करून घ्यावी का?

दुसरं, आम्ही गावाबाहेर घर बघतोय. तिथे सरोवराचं पाणी नाही, घराची स्वतःची बोअर आहे. एजंट म्हणाला, पाणी आरशासारखं आहे, जंतूंची चाचणीही पास आहे. मी रेडियमचं विचारलं तर गप्पच बसला. काय बघायचं असतं अशा वेळी?

---

चहाटळ

बाप रे. जवळपास अणुभट्टी आहे का एखादी?

---

सायलीचा_वेल

@चहाटळ, नाही हो. सगळे आधी हेच विचारतात. भट्टी नसली तरी हे होतं, म्हणूनच तर धागा काढला.

---

कातळवेडा

सायलीताई, चांगला विषय. पस्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

युरेनियम आणि थोरियम जवळजवळ प्रत्येक दगडात कणाकणाने असतात. त्यांचं विघटन पायरी पायरीने होत जातं आणि त्या पायऱ्यांमध्ये मध्येच कुठेतरी रेडियम येतं. युरेनियमच्या घराण्यातलं २२६, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. थोरियमच्या घराण्यातलं २२८, त्याचं पावणेसहा वर्षं. रेडियम-२२६ च्या पुढची पायरी रेडॉन, तो वायू आहे.

आता तुमच्या गावाखाली काय आहे ते बघा. वर माती आणि डोलोमाइट (चुनखडीच्या जातीचा दगड), त्याखाली शेलचा, म्हणजे चिखल दाबून झालेल्या दगडाचा जाड थर आणि त्याच्याही खाली पंचेचाळीस-पन्नास कोटी वर्षं जुना वाळूचा दगड. शेलमधून पाणी जवळपास झिरपतच नाही. झाकण घट्ट लावलेल्या बरणीसारखी अवस्था. आतलं पाणी फार जुनं, त्यात प्राणवायू नाही, क्षार भरपूर. अशा पाण्यात रेडियम दगडाला चिकटून न राहता विरघळून राहतं. एरवी वाहत्या, ताज्या पाण्यात ते इतकं टिकत नाही.

सुरुवातीला तिथल्या खोल विहिरींचं पाणी दाबाने आपोआप वर उसळायचं. मग शंभर वर्षं सगळ्या परिसराने ते उपसलं आणि पातळी ५०० फुटांहून जास्त खाली गेली. म्हणजे गावापुढे दोन प्रश्न होते, पाणी संपत चाललेलं आणि उरलेल्यात रेडियम.

तुमच्या घराच्या प्रश्नावर माझा उलटा प्रश्न: बोअर किती खोल आहे? शेलच्या वर थांबते की शेल फोडून खाली जाते? सगळं त्यावर आहे. विस्कॉन्सिनमध्ये बोअर मारणाऱ्याला कुठल्या फुटाला कुठला दगड लागला ते लिहून सरकारकडे द्यावं लागतं. तो कागद मागवा.

---

हिशेबी_माणूस

जरा आकड्यांत बोलू. ५ पिकोक्युरी म्हणजे ०.१८५ बेकेरेल (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकेरेल). एक लिटर पाण्यात साधारण साडेपाच सेकंदांतून एकदा एक अणू फुटतो. बस्स, इतकंच. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात नैसर्गिक पोटॅशियममुळे दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. एका केळ्यात पंधराएक. मग ह्या पाण्याचा एवढा बाऊ कशाला? मर्यादा उगाच कडक ठेवली आहे असं माझं स्पष्ट मत.

---

निशिगंध

@हिशेबी_माणूस, आकडे बरोबर आहेत, तुलना बरोबर नाही. मी डॉक्टर आहे, म्हणून राहवत नाही.

पोटॅशियम शरीर मोजूनमापून ठेवतं. दोन केळी जास्त खाल्ली तर तेवढं लघवीवाटे बाहेर जातं, साठत नाही. रेडियमचं तसं नाही. ते कॅल्शियमच्या भावकीतलं. गिळलेल्यातलं ८० टक्क्यांच्या आसपास शौचावाटे निघून जातं. उरलेलं रक्तात येतं आणि त्यातलं बरंच हाडांत जाऊन बसतं. तिथे बसून ते अल्फा कण सोडतं. अल्फा कण कागदाने अडतो, पण हाडाच्या आत, पेशीला खेटून सुटला तर मध्ये कागद धरणार कोण? वाढत्या वयात हाडं कॅल्शियम जास्त ओढतात, त्याच्यासोबत रेडियमही.

म्हणून बेकेरेलला बेकेरेल लावून चालत नाही. कुठे बसतं आणि किती काळ बसतं, हे बघावं लागतं.

सायली, आता तुझ्यासाठी. मुलांची कसलीही तपासणी करू नकोस. मर्यादेच्या आसपासच्या पाण्याने हाडांत जे गेलं असेल ते इतकं कमी की नेहमीच्या रक्ततपासणीत दिसणार नाही, आणि दिसलं तरी काढायचं औषध नाही. ‘शरीर शुद्ध’ करणारे काढे आणि गोळ्या विकणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव. मर्यादा ठरवताना माणूस रोज दोन लिटर असं पाणी आयुष्यभर, सत्तर वर्षं पितो असं धरतात. तुमची दहा झाली आणि पाणी बदललं. जोखीम शून्य नाही, पण लहान आहे आणि ती वाढायची थांबली. दुधाच्या पावडरीची टोचणी मनातून काढून टाक. त्या वेळी तुझ्या हातात जे होतं ते तू केलंस.

---

सायलीचा_वेल

निशिगंधताई, शेवटच्या दोन वाक्यांनी डोळ्यांत पाणी आलं. मनापासून धन्यवाद.

---

मंजुळपावा

अवांतर: आमच्या आजोबांचं रात्री चमकणारं मनगटी घड्याळ होतं. आम्ही पोरं गोधडीत शिरून त्याचे हिरवे आकडे बघायचो. त्यात रेडियमच असायचं ना?

---

निशिगंध

@मंजुळपावा, जुनं असेल तर शक्य आहे. तो रंग लावणाऱ्या मुलींमुळेच तर रेडियम हाडात बसतं हे वैद्यकाला कळलं. १९२० च्या आसपास न्यू जर्सीत आणि इलिनॉयमधल्या ऑटवा गावात कारखाने होते. बारीक आकडे रंगवायला कुंचल्याला टोक हवं, म्हणून मुलींना तो ओठांत धरून टोक काढायला शिकवलेलं. दिवसाला कितीदा तरी तो रंग पोटात जायचा. जबड्याची हाडं ठिसूळ झाली, कर्करोग झाले, कित्येक जणी तरुणपणी गेल्या. त्यांनी कोर्टात जाऊन दाद मागितली. त्यांच्या पोटात गेलेलं रेडियम पाण्यातल्यापेक्षा प्रचंड जास्त होतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण आज आपण ज्या मर्यादेबद्दल बोलतोय तिचा पाया त्या मुलींच्या हाडांवर उभा आहे. ती ‘उगाच कडक’ म्हटली की मला त्या आठवतात.

---

हिशेबी_माणूस

हे माहीत नव्हतं. ‘उगाच’ हा शब्द मागे घेतो.

---

भटकंती_७१

वॉकेशाचं नाव वाचून आत शिरलो. मुलगी मिलवॉकीला असते, तिच्याकडे गेलो की आसपासचा इतिहास धुंडाळणं हा माझा उद्योग.

हे गाव एकेकाळी पाण्यासाठीच प्रसिद्ध होतं! १८६८ मध्ये रिचर्ड डनबार नावाचे गृहस्थ तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायले आणि आपला मधुमेह त्याने बरा झाला असं सांगत सुटले. झालं, देशभरातून लोक हवापाण्याला येऊ लागले. हॉटेलं उभी राहिली, बाटल्या भरून पाणी विकलं जाऊ लागलं. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वॉकेशाचं पाणी नळाने न्यायचा घाट घातला गेला. मे १८९२ मध्ये एका शनिवारी रात्री नळ टाकायला मजूर भरून आगगाडी आली. घंटा वाजली, अख्खं गाव रस्त्यावर उतरलं आणि मजुरांना आल्या पावली परत जावं लागलं.

ज्या गावाने आपलं पाणी बाहेर जाऊ दिलं नाही, त्यालाच सव्वाशे वर्षांनी शेजाऱ्याच्या दारात घागर घेऊन जावं लागलं.

---

कातळवेडा

@भटकंती_७१, सुरेख माहिती. फक्त एक: ते झरे वरच्या, उथळ पाण्याचे. रेडियमवालं पाणी त्याच्या कितीतरी खालचं. एकाच गावाखाली दोन वेगळी पाणी असतात, हे लोकांना पटवणं फार अवघड जातं.

---

कोयनाकाठ

घागरीचं अजून सांगतो, कारण हे आपल्याकडच्या माणसाला लगेच कळेल. वॉकेशापासून सरोवर पंचवीस-तीस किलोमीटर, तरी पाणी मागायला तिथल्या मोठ्या सरोवरांभोवतालच्या आठ राज्यांच्या राज्यपालांकडे जावं लागलं. कारण काय, तर गाव पाणलोटाच्या पलीकडे. तिथे पडलेला पाऊस फॉक्स नदीतून मिसिसिपीकडे जातो, सरोवराकडे नाही. २००८ च्या करारानुसार सरोवरांचं पाणी पाणलोटाबाहेर नेता येत नाही. अपवाद म्हणून २१ जून २०१६ ला आठही जणांनी होकार दिला. अट अशी की दिवसाला सरासरी ८२ लाख गॅलनच घ्यायचं आणि वापरून झालेलं पाणी शुद्ध करून रूट नदीवाटे परत सरोवरात सोडायचं.

मी कोयनेचा. आमच्या धरणाचं पाणी जायचं कृष्णेतून पूर्वेला. ते बोगद्यातून पश्चिमेला वळवलं, वीज करून वाशिष्ठीत सोडलं. ते परत येत नाही, चिपळूणवरून समुद्रात जातं. घेतलेलं पाणी परत द्यायचं, ही अट वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

---

चहाटळ

कोयनाकाठ, ह्यावर वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद माझा.

---

गच्चीवरची_टाकी

मी बंगळुरात. आमच्या भागात कावेरीचं पाणी आठवड्यातून दोनदा, बाकी बोअर आणि टँकर. इथे खाली सगळा ग्रॅनाइट. बोअर हजार फुटांच्या पुढे गेल्यात. सोसायटीत एक ताई रसायनशास्त्राच्या, त्यांनी हट्टाने बोअरचं पाणी तपासायला दिलं. फ्लोराइड ठीक, पण युरेनियम मर्यादेच्या वर. सभेत आधी कुणी विश्वासच ठेवेना. एक काका म्हणाले, ‘युरेनियम असतं तर सरकारने खाण काढली असती.’

आता पिण्याला आणि स्वयंपाकाला फक्त कावेरीचं पाणी, वेगळी टाकी, वेगळा नळ. बोअर अंघोळीला आणि झाडांना.

डॉक्टरताई, युरेनियम पण हाडात बसतं का?

---

निशिगंध

थोडं बसतं, पण युरेनियमची मुख्य काळजी किरणांची नाही, मूत्रपिंडांची. तो जड धातू आहे, शिशासारखा रासायनिक विषारी. म्हणून त्याची मर्यादा वजनात देतात: लिटरला ३० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची तीच, अमेरिकेची तीच, आता आपल्या भारतीय मानकातही तीच. अंघोळीला वापरताय ते ठीक. युरेनियम काय, रेडियम काय, त्वचेतून आत जात नाही म्हटलं तरी चालेल.

---

वैनगंगाकाठ

मी भंडारा जिल्ह्यातली. घरी बोअर आहे, २८० फूट. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. महाराष्ट्रात आहे का हे?

---

कातळवेडा

महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने फार कमी. शिवाय मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा आणि पुण्याला खडकवासला, म्हणजे पावसाचं, धरणातलं पाणी. तिथल्या लोकांनी ह्या बाबतीत निवांत झोपावं.

पूर्व विदर्भ वेगळा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात बेसाल्ट संपतो आणि जुने ग्रॅनाइट आणि नाइस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्टेदार दगड) लागतात. ‘आहेच’ असं मी म्हणत नाही, पण एकदा तपासून बघावं असा तो दगड आहे. पंजाबात भटिंड्याकडे तर गाळाच्या मैदानात युरेनियम निघालं. तिथे पाण्यातला बायकार्बोनेट त्याला मातीतून सोडवतो. तेव्हा नुसत्या दगडावरूनही निकाल देता येत नाही, पाणीच तपासावं लागतं.

---

पांढरीची_माती

राग मानू नका, पण यवतमाळ, चंद्रपूर आणि आमच्या किनवटकडे फ्लोराइडने माणसं वाकलीत, पोरांचे दात पिवळे पडलेत. ते डोळ्यांना दिसतं. आधी त्याचं बोला, मग रेडियमचं.

---

निशिगंध

@पांढरीची_माती, राग कसला? फ्लोराइडचं आणि नायट्रेटचं दुःख आपल्याकडे कितीतरी मोठं आहे, हे शंभर टक्के खरं. बोअरचं पाणी तपासायला द्याल तेव्हा पहिल्या दोन ओळी त्यांच्याच असू द्या. वैनगंगाकाठताई, तुम्हालाही हेच सांगेन.

---

आजोळ

पाणी उकळून तांब्याच्या हंड्यात ठेवलं तर? आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या तसंच.

---

नळजोड

आजी, तांब्याने काही जंतू मरतात, पण रेडियम जागचं हलत नाही. उकळल्याने तर उलट होतं, पाणी आटतं आणि रेडियम तेवढंच राहतं. रेडॉन मात्र वायू असल्याने उकळल्यावर उडून जातो. कोळशाच्या फिल्टरच्या जगचाही रेडियमला फारसा उपयोग नाही.

मी मिनेसोटात पाणी शुद्धीकरणाचं काम करतो. घरच्या पातळीवर दोन गोष्टी चालतात. एक आरओ. दुसरा मिठाचा सॉफ्टनर. त्यातल्या राळेच्या मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी आलं की मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. रेडियम कॅल्शियमचाच भाऊ, त्यामुळे तेही धरलं जातं, बहुतेक सगळं. मग मिठाच्या पाण्याने मणी धुतले की सगळं गटारात.

पण सायलीताई, एक नक्की बघा. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ सॉफ्टनरला जोडलेलाच नसतो. पाण्याची चव बदलू नये आणि पोटात सोडियम जाऊ नये म्हणून. म्हणजे अंघोळ मऊ पाण्याने आणि पिणं कच्च्या पाण्याने.

---

सायलीचा_वेल

नळजोड, तुमचा प्रतिसाद वाचून मी तळघरात गेले. हातात टॉर्च. सॉफ्टनरच्या आधीच एक पातळ तांब्याची नळी फुटते, ती वर छताला लागून सरळ स्वयंपाकघराच्या सिंककडे जाते. ज्यांच्याकडून घर घेतलं ते म्हणाले होते, ‘पूर्ण घराला सॉफ्टनर आहे.’ आम्ही दहा वर्षं त्या भरवशावर होतो.

जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मागवल्या. वरच्या न्हाणीघरातल्या पाण्यात पट्टी हिरवीच राहिली. स्वयंपाकघरातल्या पाण्यात जांभळी, म्हणजे जड पाणी.

आणि मला माझी जुनी किटली आठवली. तिच्या तळाला दर पंधरा दिवसांनी पांढरी खरपूड धरायची. मी व्हिनेगर घालून खरवडायची, पुन्हा धरायची. वरच्या न्हाणीघरातला नळ मात्र कायम लख्ख. पाणी मऊ होत असतं तर किटलीत चुना आला कुठून? रोज सकाळी चहाला पाणी ठेवताना ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

---

निशिगंध

सायली, मी आधी लिहिलं ते तसंच आहे. कच्चं पाणीच धरून सांगितलं होतं. झोप नीट.

---

कातळवेडा

आणि बोअरचा कागद मिळाला का?

---

सायलीचा_वेल

(महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.)

काका, कागद मिळाला. बोअर १९० फूट. त्यावर हाताने लिहिलंय: माती आणि गोटे, मग ‘चुनखडी’ शेवटपर्यंत. शेल कुठेच नाही. तुम्ही म्हणालात तसं ती शेलच्या वरच थांबते.

तरीही पाणी तपासून घेतलं. खाजगी विहिरीला इथे सरकारी मर्यादा लागू नाही, आपणच करायचं असतं. अल्फा, दोन्ही रेडियम, युरेनियम, सोबत नायट्रेट आणि आर्सेनिक. प्रयोगशाळेने प्लास्टिकच्या बाटल्या पाठवल्या. निकालाला तीन आठवडे लागले. रेडियम मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, युरेनियम नाममात्र. नायट्रेट थोडं आहे, पण मर्यादेत. आजूबाजूला मक्याची शेतं आहेत, त्यामुळे ते दर वर्षी बघायचं ठरवलंय.

घर घेतोय. सासूबाईंना रक्तदाब आहे आणि त्या उन्हाळ्यात सहा महिने राहायला येतात, म्हणून स्वयंपाकघरात सॉफ्टनर न जोडता सिंकखाली छोटा आरओ बसवणार. ह्या वेळी कुठली नळी कुठे जाते ते मी स्वतः तळघरापासून सिंकपर्यंत बोटाने माग काढत बघितलं. धाकटी पाठोपाठ टॉर्च धरून होती. म्हणाली, ‘आई, आता हे पाणी ओळखीचं झालं.’

---

वैनगंगाकाठ

सायलीताई, अभिनंदन! मीही जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटली देऊन आले. फ्लोराइड आणि नायट्रेट तिथेच होतं. युरेनियमसाठी नागपूरला पाठवावं लागेल म्हणाले. तिथल्या बाईंनी विचारलं, बोअर किती फूट, दगड कुठला? फूट सांगितले. दगड माहीत नव्हता, तर बाबांना फोन लावला. ते म्हणाले, बोअर मारताना वर आलेला चुरा अजून गोठ्यामागे पडलाय, तांबूस-पांढरा, चमकतो.

काका, फोटो टाकते. बघून सांगाल का?

---

कातळवेडा

टाका. शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे कणांचा आकार कळेल. आणि चुरा आधी धुऊन घ्या.